सुट्या भागांची बंदूक

माझ्या आजोळीं, कोंकणांत, माजघराच्या भिंतीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. रानडुकरें शेतांत उतरलीं म्हणजे ती खालीं निघे. एरवीं आम्हां मुलांना तिला हात लावण्याची परवानगी नव्हती. एकदां आजोबा ती पुसावयास बसले असतां मीं विचारलें, "आजोबा, ही बंदूक कोणी केली?" आजोबांनीं क्षणभर विचार केला आणि सांगितलें कीं, नळी एका जुन्या मोडक्या बंदुकीची आहे, दस्ता गांवच्या सुतारानें शिसवी लांकडाचा केला, घोडा लोहारानें घडविला, आणि गज तर त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. माझ्या प्रश्नाचें हें उत्तर नव्हे असें मला त्या वेळीं वाटलें. पुढें या विषयावरचीं पुस्तकें वाचूं लागल्यावर कळून आलें कीं, खरें उत्तर तेंच होतें. आणि तें आमच्या घरच्या बंदुकीपुरतेंच नव्हे, तर ज्या बंदुकांनीं अठराव्या शतकांत अनेक देशांचीं राज्यें उलथून टाकलीं त्यांनाहि लागू होतें.

श्रोतेहो, आज मी आपणांस या उत्तराचा इतिहास सांगणार आहें. बंदूक ही वस्तु एका कारागिरानें, एका छपराखालीं, आरंभापासून अखेरपर्यंत केलेली असते असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ती बहुधा गोळा केलेली असते. तिचे भाग कोण गोळा करतो, कोठून करतो, आणि एखादा भाग मोडला तर त्याच्यासारखाच दुसरा त्याला मिळतो कीं नाहीं, या प्रश्नांवर लढायांचे निकाल आणि कारागिरांचे संसार अवलंबून राहिलेले आहेत.

आरंभ मी आजच्या काळापासून करतों. अमेरिकेंत आणि युरोपांत जुन्या लढाया हुबेहूब वठविण्याचा छंद असलेलीं मंडळें आहेत. १७७५ ते १७८३ या काळांतील अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे प्रसंग त्या वेळचे पोषाख करून हे लोक माळावर उभे करतात. अशा एखाद्या गृहस्थाला त्या वेळच्या इंग्रज शिपायाची बंदूक हवी असते. या बंदुकीला इंग्रज लोक लाडानें 'ब्राऊन बेस' म्हणत. अस्सल जुनी बंदूक मिळाली तर तिची किंमत भारी असते. आणि मिळाली तरी अडीचशें वर्षांच्या नळींत दारू ठासून ती उडविण्याचें धाडस शहाणा मनुष्य करीत नाहीं. मग त्याच्यापुढें दोन मार्ग राहतात. एक, कारखान्यांत झालेली तयार नक्कल विकत घ्यावयाची. दुसरा, सुटे भाग मिळवून ती आपल्या हातानें जुळवावयाची.

दुसरा मार्ग धरणारा गृहस्थ प्रथम यादी करतो. नळी एका कारखान्याकडून मागवावयाची. ती हल्लीं उत्तम पोलादाची, यंत्रावर पोखरलेली मिळते. चापाचे भाग दुसरीकडून. ओक्लाहोमा संस्थानांत एक असा कारखाना आहे कीं, तो अस्सल जुन्या चापांवरून सांचे घेऊन त्यांत पोलाद ओततो आणि ते ओतीव तुकडे कच्च्या स्थितींत गिऱ्हाइकाला पाठवितो. दस्त्यासाठीं अक्रोडाचें लांकूड तिसरीकडून आणावयाचें. तें ढोबळ आकार देऊन, नळीची पन्हळ अर्धीमुर्धी कोरून मिळतें. पितळेच्या फिती, खटक्याचें कडें, दस्त्याच्या बुडाची पाटी, पोलादी गज, स्क्रू, संगीन या वस्तु आणखी कोठून तरी. कांहीं व्यापारी हे सगळे भाग एकाच खोक्यांत घालून संच म्हणून विकतात. खोकें घरीं येतें, टेबलावर उघडलें जातें, आणि गृहस्थाच्या ध्यानीं येतें कीं, यादींतली प्रत्येक वस्तु आलेली आहे, परंतु बंदूक कांहीं आलेली नाहीं. चाप दस्त्याच्या खोबणींत बसत नाहीं. नळीचें बूड पन्हळींत टेंकत नाहीं. स्क्रू भोकाशीं जुळत नाहीं. येथून पुढें कानस, पटाशी आणि धीर यांवर काम चालावयाचें असतें.

शेजाऱ्यापाजाऱ्यांस हा उद्योग विक्षिप्त वाटतो. परंतु इंग्लंडच्या राजाचें शस्त्रखातें, ज्याला ऑर्डनन्स बोर्ड म्हणत, तें सुमारें १७१५ पासून शंभर वर्षें नेमका हाच उद्योग करीत होतें. फरक एवढाच कीं, या गृहस्थाला एक बंदूक हवी आहे आणि त्या खात्याला लाखों हव्या होत्या.

त्या बंदुकीचे भाग आधीं डोळ्यांपुढें आणूं. नळी म्हणजे लोखंडाचा लांब पोकळ दंड, तोंडाशीं उघडा आणि बुडाशीं मळसूत्राच्या गुडदीनें बंद केलेला. बुडाजवळ बाजूला एक बारीक भोक असतें, त्यास कान म्हणतात. चाप म्हणजे आग पाडण्याची सगळी यंत्ररचना: घोड्याच्या जबड्यांत धरलेली गार, तिच्या वाटेंत उभी असलेली पोलादी झडप, झडपेखालची रंजकाची वाटी, आणि आंतल्या बाजूस कमान व खांचेचे तुकडे. लहानमोठे मिळून सुमारें वीस भाग एका चापांत असतात. खटका ओढला कीं गार झडपेवर आदळते, ठिणग्या वाटींत पडतात, रंजक पेटतो आणि ती आग कानांतून नळींतल्या दारूपर्यंत जाते. या सर्वांना एकत्र धरणारा तो लांकडी दस्ता. वजन सुमारें दहा रत्तल, नळीचा व्यास पाऊण इंच. तरबेज शिपाई मिनिटाला तीन गोळ्या झाडी. यंत्र दिसावयास साधें, परंतु एका ठिकाणीं केसभर चुकलें तर ठिणगी पडते आणि बार मात्र उडत नाहीं.

पूर्वीं इंग्रजांचें शस्त्रखातें लंडनच्या बंदूककारांकडून पुऱ्या बंदुका विकत घेई. त्यामुळें तें त्यांच्या मुठींत राही. युद्ध लागलें म्हणजे भाव चढत आणि माल उशिरां येई. यावर खात्यानें तोड काढली ती अशी कीं, पुरी बंदूक घ्यावयाचीच नाहीं, भाग घ्यावयाचे. मंजूर झालेल्या बंदुकीचा मोहरबंद नमुना लंडनच्या टॉवर किल्ल्यांत ठेवावयाचा, त्याच्याबरहुकूम नळ्या आणि चाप बर्मिंगहॅमकडील कारागिरांकडून घ्यावयाचे, पितळी सामान ओतारांकडून, लांकूड आणखी कोणाकडून. सगळें टॉवरच्या कोठारांत साठवावयाचें आणि गरज पडेल त्याप्रमाणें जुळणाऱ्या कारागिरांस मोजून द्यावयाचें. या जुळणाऱ्यांनीं दस्ता कोरावयाचा, त्यांत नळी व चाप बसवावयाचा आणि पुरी बंदूक खात्याच्या हवालीं करावयाची. मधल्या काळांत कोणा एका कंत्राटदाराला खात्याची अडवणूक करतां येत नसे. कारण त्याच्याजवळ बंदूक नसे, बंदुकीचा एक तुकडा असे.

बर्मिंगहॅमच्या त्या मोहल्ल्यांत हें काम किती वांटलेलें होतें तें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. लोखंडाची पट्टी तापवून कांबीभोंवतीं गुंडाळणारा आणि तिच्या कडा ठोकून सांधणारा वेगळा. ती नळी आंतून पोखरणारा वेगळा. बाहेरून शाणेवर घासणारा वेगळा. बुडाची गुडदी बसविणारा वेगळा. चाप तर बर्मिंगहॅमच्या बाहेर, डार्लस्टन आणि वेन्सबरी या गांवांत घडत. तेथें घरामागच्या लहानशा भट्टींत बाप घोडा घडवी, मुलगा त्यावर कानस चालवी, आणि आठवड्याअखेर टोपलींत भरून माल शहरांत जाई. नळी मान्य होण्यापूर्वीं तिच्यांत नेहमींपेक्षां पुष्कळ जास्त दारू भरून ती उडवून पाहात. फुटली नाहीं तर तिच्यावर राजमुकुटाचा शिक्का बसे. खासगी व्यापाराच्या बंदुकांसाठीं बर्मिंगहॅमला अशी पारखशाळा पुढें १८१३ मध्यें कायद्यानें स्थापन झाली. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत, १८०४ ते १८१५ या काळांत, या एका शहरानें सतरा लाखांहून अधिक पुरीं शस्त्रें दिलीं. शिवाय दुसरीकडे जुळविण्यासाठीं तीस लाखांच्या आसपास नळ्या आणि त्यांहून थोडे कमी चाप दिले. एका छपराखालीं असें काम होणें त्या काळीं शक्यच नव्हतें.

येथें एका गृहस्थाची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. सॅम्युएल गॉल्टन हा बर्मिंगहॅमचा मोठा बंदूकवाला. तो क्वेकर पंथाचा होता, आणि त्या पंथाला युद्ध सर्वथा निषिद्ध. १७९० नंतर पंथांतल्या मंडळींनीं त्याला जाब विचारला: तुम्ही माणसें मारण्याचीं हत्यारें करतां, हें कसें? गॉल्टननें जें लेखी उत्तर दिलें त्याचा आशय असा कीं, दोष माझ्या एकट्याच्या माथीं कां? या राज्यांत कर भरणारा प्रत्येक मनुष्य युद्धाला हातभार लावीत आहे. लोखंड, कोळसा, धान्य पुरविणारे सगळेच त्यांत आहेत. पंथानें हें समर्थन मान्य केलें नाहीं आणि १७९६ मध्यें त्याला बाहेर काढलें. गॉल्टनचा युक्तिवाद सोयिस्कर होता हें उघड आहे, परंतु तो खोटा होता असें म्हणणेंहि सोपें नाहीं. ज्या लोहारानें आयुष्यभर केवळ कमानी घडविल्या त्यानें बंदूक केली कीं नाहीं? भाग सुटे झाले म्हणजे काम वांटलें जातें, आणि त्याबरोबर जबाबदारीहि वांटली जाऊन ती शेवटीं कोणाच्याच हातीं सांपडत नाहीं.

आतां या हकीकतीचा आपल्या देशाशीं असलेला संबंध पाहूं. ईस्ट इंडिया कंपनीला हिंदुस्थानांतील आपल्या पलटणींसाठीं बंदुका लागत. त्या ती आपल्या नमुन्यावर इंग्लंडांत करवून घेई. राजाच्या फौजेची बंदूक बेचाळीस इंची नळीची. कंपनीची एकोणचाळीस इंची, घडणीनें साधी आणि किंमतीनें स्वस्त. १७९३ मध्यें फ्रान्सशीं युद्ध पेटलें आणि राजाचीं कोठारें अपुरीं पडलीं. तेव्हां सरकारनें कंपनीचा सांठा ताब्यांत घेतला, आणि थोड्याच वर्षांत कंपनीचाच नमुना राजाच्या फौजेसाठीं पत्करला. त्याचें नांवच 'इंडिया पॅटर्न' पडलें. म्हणजे वॉटर्लूच्या मैदानावर इंग्रज शिपायाच्या हातांत जी बंदूक होती तिचें रूप आपल्या देशांतील नोकरीसाठीं ठरलेलें होतें.

मराठी राज्यांतील धुरीणांना या गोष्टीचें महत्त्व कळलें नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. महादजी शिंद्यांना तें पुरतें कळलें होतें. पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रज व्यापाऱ्यांकडून बंदुका विकत घेणें म्हणजे त्यांच्या मर्जीवर जगणें होय, हें ओळखून त्यांनीं १७८४ मध्यें नोकरींत घेतलेल्या द ब्वान्य नांवाच्या सरदाराकरवीं कवायती पलटणी उभारल्या, आणि आग्र्यास शस्त्रांचे कारखाने घातले. तेथील कामावर सँगस्टर नांवाचा एक स्कॉटिश गृहस्थ होता. तो तोफा ओतवी आणि गारेच्या बंदुका करवी. त्या युरोपी बंदुकांच्या तोडीच्या असत आणि दर बंदुकीस खर्च सुमारें दहा रुपये येई, अशी नोंद आहे. कारागीर अर्थात् येथलेच होते. परकी नमुना पुढें ठेवून हिंदी लोहारानें तसाच चाप घडवावा यांत अशक्य असें कांहींच नव्हतें, हें आग्र्यानें सिद्ध केलें.

महादजी १७९४ मध्यें वारले. १८०३ च्या युद्धांत लॉर्ड लेकनें सप्टेंबरांत अलीगड व दिल्ली घेतली आणि ऑक्टोबरांत आग्र्याचा किल्ला घेतला. दक्षिणेंत २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. या पराभवाचीं कारणें पुष्कळ आहेत. युरोपी अंमलदारांनीं ऐन वेळीं चाकरी सोडणें हें त्यांपैकीं एक ठळक कारण. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें मला एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी वाटते. आग्रा पडलें त्या दिवशीं शिंद्यांच्या हातून केवळ किल्ला गेला नाहीं. नमुना, सांचे, भट्ट्या, सांठा आणि कारागीर हें सगळें एकदम गेलें. इंग्रजांचा कारखाना असा कोठें एका जागीं नव्हताच. तो टॉवरच्या कोठारांत होता, डार्लस्टनच्या परसांतल्या भट्टींत होता, बर्मिंगहॅमच्या बोळांत होता, आणि या सर्वांपासून हिंदुस्थान हजारों मैल दूर होतें. एक पलटण कापली गेली तरी तिच्या बंदुकांचे चाप घडविणारा लोहार आपल्या घरीं निर्धास्त कानस चालवीत होता. शिंद्यांच्या बंदुकीच्या कसांत उणीव नव्हती. तिच्या मागें पसरलेलें जाळें नव्हतें, आणि तें एका पिढींत विणलें जाणारेंहि नव्हतें.

मात्र इंग्रजांच्या या पद्धतीलाहि एक मोठी मर्यादा होती. भाग सगळे एकाच नमुन्याचे असले तरी एकसारखे नव्हते. एका चापाचा घोडा दुसऱ्या चापाला बसत नसे. प्रत्येक तुकडा हातानें घडलेला, त्यामुळें जुळणारा कारागीर तो शेजारच्या तुकड्याशीं कानशीनें घासून मिळवी आणि ते पुन्हां वेगळे होऊं नयेत म्हणून त्यांवर खुणेचे कांप घाली. रणांगणावर शंभर बंदुका मोडल्या तर त्यांच्या चांगल्या भागांतून पन्नास उभ्या करणें हें शिपायाचें काम नव्हतें. त्याला कारागीरच लागे.

ही अडचण दूर करण्याचा पहिला नांवाजलेला प्रयत्न फ्रान्समध्यें झाला. ओनोरे ब्लां या शस्त्रकारानें चापाचे भाग सांचेबंद मापानें घासण्याची युक्ति काढली. १७८५ मध्यें अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसमध्यें असलेला टॉमस जेफर्सन त्याच्याकडे गेला. ब्लांनें पन्नास चापांचे सुटे भाग कप्प्यांतून मांडून ठेविले होते. जेफर्सननें हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः कित्येक चाप जुळविले, आणि ते बिनचूक बसल्याचें त्यानें मायदेशीं मोठ्या कौतुकानें कळविलें. पुढें १७९८ मध्यें एली व्हिटनी नांवाच्या अमेरिकनानें दहा हजार बंदुका सुमारें दोन वर्षांत करून देण्याचें कंत्राट घेतलें, आणि १८०१ मध्यें राज्यकर्त्यांपुढें सुटे भाग अदलाबदल करून दाखविले. शेवटची बंदूक त्यानें १८०९ मध्यें दिली. त्याच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका अलीकडच्या अभ्यासकांनीं उकलून पाहिल्या तेव्हां त्यांचे भाग अदलाबदल होत नाहींत असें आढळलें! प्रयोगाच्या दिवशीं मांडलेले भाग आधींच मिळवून ठेविलेले असावेत, असें आज बहुतेक अभ्यासक मानतात. खऱ्या अर्थानें एकसारखे भाग करण्यास आणखी एक पिढी आणि नवीं यंत्रें लागलीं. तीं अमेरिकेच्या सरकारी कारखान्यांत तयार झालीं, आणि १८५४ नंतर इंग्लंडनें तीं विकत आणून एन्फील्ड येथें बसविलीं. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक ती हीच. तीहि ठासणीचीच होती, आणि तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्यें आपल्या देशांत काय भडका उडाला तें आपणांस ठाऊकच आहे.

यंत्रानें एकसारखे भाग होऊं लागले आणि जुळणाऱ्या कारागिराची गरज उरली नाहीं. पुढें पाठीमागून भरण्याच्या बंदुका आल्या आणि ठासणीची बंदूक फौजांतून निघून गेली. ती राहिली आमच्या कोंकणासारख्या डोंगराळ मुलखांत, शेतकऱ्याच्या भिंतीवर.

विसाव्या शतकांत मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. अमेरिकेंत १९३३ मध्यें ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांची राष्ट्रीय संस्था निघाली. १९६१ ते १९६५ या वर्षांत तेथील यादवी युद्धाची शताब्दी साजरी झाली आणि जुन्या बंदुकांच्या नकलांना एकाएकीं मागणी आली. ती पुरविली इटलींतील ब्रेशा शहराजवळच्या गार्दोने या खोऱ्यांतल्या गांवानें. तेथें कित्येक शतकें नळ्या घडत आलेल्या आहेत. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग या जतन करून ठेविलेल्या जुन्या शहरांत वॉलेस गसलर या कारागिरानें लोखंडाच्या पट्टीपासून आरंभ करून एक रायफल पुरी आपल्या हातानें घडविली. १९६९ मध्यें त्या कामाचा चित्रपट प्रसिद्ध झाला. नळी, चाप, दस्ता, पितळी सामान, सगळें एका माणसाचें. म्हणजे आपण ज्याला जुनी रीत समजतों तें काम विसाव्या शतकांत एखाद्यानें मुद्दाम करून दाखवावें लागलें. फौजेच्या बंदुकांच्या बाबतींत तर तसें सहसा कोणीं केलेलेंच नव्हतें.

आणि आतां पुन्हां त्या टेबलावरच्या खोक्याकडे येऊं. यंत्रयुगाचे सुटे भाग जुळले पाहिजेत, मग हे कां जुळत नाहींत? याचें कारण मौजेचें आहे. चापाचे ओतीव भाग मेणाच्या प्रतिकृतीवरून करतात. जुना घोडा घेऊन त्याचा सांचा करावयाचा, सांच्यांत मेण भरावयाचें, मेणाभोंवतीं मातीचें कवच चढवून मेण वितळवावयाचें आणि त्या पोकळींत पोलाद ओतावयाचें. पोलाद निवतांना आकसतें, शेंकडा दोनच्या आसपास. त्यामुळें अस्सलावरून केलेली नक्कल अस्सलापेक्षां किंचित् लहान होते; नकलेची नक्कल केली तर आणखी लहान. एक भाग एका जुन्या चापावरून, दुसरा भाग दुसऱ्या चापावरून घेतलेला असला तर ते मुळांतच एकमेकांचे नव्हते. म्हणून आजच्या हौशी माणसालाहि तेंच करावें लागतें जें अठराव्या शतकांतला जुळणारा करी: एक तुकडा दुसऱ्याशीं कानशीनें मिळवावयाचा. कमानीला बेतानें पाणी द्यावयाचें. जास्त दिलें तर ती तुटते, कमी दिलें तर वांकून राहते. झडपेचा पृष्ठभाग इतका कठीण करावयाचा कीं गारेनें त्यावरून ठिणगी खरवडून काढावी. कान रंजकाच्या वाटीसमोर नेमका यावा लागतो. आणि गारहि चांगली हवी. इंग्लंडांत सफोक परगण्यांतील ब्रँडन गांव गार फोडणाऱ्यांसाठीं पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध होतें.

नकला करणाऱ्यांत आपला देशहि आहे. 'इंडिया पॅटर्न' आणि इतर नमुन्यांच्या बंदुका भारतांत तयार होऊन अमेरिकेंत जातात. पुष्कळदां त्यांच्या नळीला कानाचें भोक पाडलेलें नसतें. तें तेथें गेल्यावर पाडतात. तेथील चोखंदळ मंडळी नाक मुरडतात कीं, दस्ता अक्रोडाचा नाहीं, शिसवी किंवा सागवानी आहे. घडण ढोबळ आहे. नळीवर पारखशाळेचा शिक्का नाहीं. यांतली शेवटची तक्रार गंभीर आहे, कारण बिनपारखी नळी फुटली तर ती धरणाऱ्याच्या हातांत फुटते. लांकडाची तक्रार वाचतांना मात्र मला आमच्या आजोबांचा शिसवी दस्ता आठवतो आणि हंसूं येतें. एके काळीं बर्मिंगहॅमचे भाग जुळून येथें येत. आतां येथले भाग जुळून समुद्रापलीकडे जातात, आणि त्यांच्यावर जे शिपाई कवायत करतात ते खरे शिपाई नसतात, एवढें समाधान.

येथें एक सूचना केली पाहिजे. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें ठासणीच्या गारेच्या बंदुकांच्या नकला मध्यवर्ती सरकारच्या सामान्य शस्त्रबंधनांतून वगळलेल्या आहेत. म्हणूनच तेथें असे संच टपालानें घरपोंच येऊं शकतात. आपल्याकडे तशी मोकळीक नाहीं. ठासणीची बंदूक कितीहि जुन्या धर्तीची असली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें ती परवान्यावांचून घडवितां किंवा बाळगतां येत नाहीं. दुसरी सूचना प्रामाणिकपणाची. चांगली केलेली नक्कल कांहीं वर्षांत काळवंडते आणि अस्सल म्हणून बाजारांत खपविली जाऊं शकते. म्हणून सचोटीचा कारागीर नळीच्या न दिसणाऱ्या बाजूस आपलें नांव व साल कोरून ठेवतो. तेवढ्यानें पुढच्या इतिहासकाराची एक चूक टळते.

मला या छंदांत जें मोल वाटतें तें असें. टॉवरच्या कोठारांतल्या कारकुनाला संख्या ठाऊक होती, डार्लस्टनच्या लोहाराला कमान ठाऊक होती, गॉल्टनला हिशेब ठाऊक होता, शिपायाला खटका ठाऊक होता. सगळी बंदूक यांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हती, आणि म्हणून तिच्याबद्दल कोणीं उत्तर द्यावें असाहि प्रश्न उभा राहिला नाहीं. जो उभा राहिला तो एका लहानशा पंथाच्या सभेंत. टेबलाशीं बसून महिनोगणती घासणाऱ्या मनुष्याला प्रत्येक तुकडा हातांतून जाऊं द्यावा लागतो. अखेरीस ठिणगी पडते, बार उडतो, आणि त्याला कळतें कीं, हें यंत्र कशासाठीं केलेलें होतें. कागदपत्रें वाचून आपणां इतिहास वाचणारांस हें कळतें तें निराळ्या तऱ्हेनें, आणि थोडें उशिरां.

आजोबांची बंदूक पुढें परवान्यासह माझ्या मामांकडे गेली. गेल्या वेळीं आजोळीं गेलों तेव्हां मीं ती पाहिली. घोडा बदललेला होता. मीं कांहीं विचारण्याच्या आधींच मामांनीं सांगितलें कीं, जुन्या लोहाराच्या नातवानें तो करून दिला, आणि बसवितांना दोन दिवस घासला.